चार किलोमीटर घसरलेला उत्तर ध्रुव

पस्तीस वर्षांपूर्वी मी माझी एक चूक एका मुलीच्या नावावर लिहिली. चूक गणितातली होती. ती लिहिली एका प्रोग्रामच्या माथ्यावर, जिथे सहसा कुणी पाहत नाही. गेल्या वर्षी ती नोंद दुरुस्त झाली. हे सांगताना मला लाज वाटायला हवी, आणि ती वाटतेही. पण आनंद लाजेपेक्षा मोठा आहे आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो लपवायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. कॉलेजात नव्याने निघालेल्या संगणक विभागाचा प्रमुखही मीच. विभाग म्हणजे एक बंद खोली, चार संगणक, दाराबाहेर काढलेल्या चपलांची रांग आणि धुळीची प्रचंड भीती. दुसऱ्या शहरातल्या हवामानाच्या एका संशोधन संस्थेने माझ्याकडे एक काम दिलं होतं. पृथ्वीवरचे ठरावीक अक्षांश आणि त्या प्रत्येकाचा भार काढून देणारा प्रोग्राम त्यांना हवा होता.

हे काम काय ते थोडक्यात सांगतो. पृथ्वीभरच्या तापमानाची सरासरी काढायची तर पृथ्वीचे आडवे पट्टे करावे लागतात. विषुववृत्ताजवळचा पट्टा लांबलचक, ध्रुवाजवळचा त्यापुढे बांगडीएवढा. दोघांना सारखं मोजलं तर ध्रुवावरची थंडी सगळ्या जगाच्या माथी बसते. म्हणून प्रत्येक रेषेला तिचा भार द्यायचा. रेषाही मनाला येतील तिथे घ्यायच्या नाहीत. एक बहुपदी आहे, ती जिथे जिथे शून्य होते नेमक्या तिथेच रेषा घेतल्या तर थोडक्या रेषांत हिशेब अचूक होतो. या जागा सूत्रातून थेट मिळत नाहीत. आधी एक अंदाज धरायचा, मग तो सुधारायचा, सुधारलेला पुन्हा सुधारायचा. चार-पाच फेऱ्यांत उत्तर जागेवर बसतं. शेवटी सगळ्या भारांची बेरीज करायची. दक्षिण ध्रुव उणे एक आणि उत्तर ध्रुव एक धरला की पूर्ण पल्ला दोनचा, म्हणून ती दोन आली म्हणजे जमलं.

मी जुन्या वळणाचा. प्रोग्राम आधी चौकटींच्या कागदावर हाताने लिहायचो, मग तो टाइप करायला द्यायचो. त्या कागदावर पायची किंमत लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात आपोआप गेला तो बावीस सप्तमांशाकडे. पाचवी-सहावीपासून वर्तुळ दिसलं की बावीस सप्तमांश, इतकं ते हाडात मुरलेलं होतं. शिवाय त्यात एक खाच होती, ती मला माहीत होती. संगणकाला नुसतं बावीस भागिले सात सांगितलं तर तो पूर्णांकात भागतो आणि उत्तर तीन देतो. म्हणून मी बावीसपुढे आणि सातपुढे आठवणीने दशांशचिन्ह घातलं आणि स्वतःवर खूश झालो. खाच टाळल्याच्या आनंदात खड्डा दिसलाच नाही.

टाइप करणारी मुलगी चोवीस वर्षांची होती. नाशिकरोडच्या एका वसाहतीतल्या बौद्ध कुटुंबातली, वडील प्राथमिक शिक्षक. गणितात एम.एस्सी. झालेली, पण जागा नाही म्हणून आमच्याकडे हंगामी ऑपरेटर. सहा-सहा महिन्यांनी तिची नेमणूक नव्याने व्हायची. तिने प्रोग्राम टाइप केला, चालवला आणि दुपारी माझ्या टेबलापाशी आली. मी दोन सहकाऱ्यांबरोबर चहा पीत होतो.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"प्रोग्राम जागा आधी शून्य ते एकमध्ये काढतो ना? शून्य म्हणजे विषुववृत्त, एक म्हणजे ध्रुव. मग त्याचे अंश करतो. मी त्याला मुद्दाम एक दिला. नव्वद यायला हवेत."

"मग?"

"एकोणनव्वद पूर्णांक शहाण्णव शतांश आले."

"अगं, आपल्या रेषांत ध्रुव येतच नाही. भारांची बेरीज किती येते?"

"दोन."

"मग झालं तर."

"पण सर, उत्तर ध्रुव चार किलोमीटर खाली आलाय."

"येऊ दे. तिथे कोण राहतं?"

सहकारी खो खो हसले. एकाच्या बशीत चहा सांडला. तीही थोडं हसली, पण कागद हातातच धरून उभी राहिली. "पायची किंमत पाहाल का सर एकदा?" एवढं म्हणून ती गेली. मी पाहिली नाही. चौसष्ट रेषांचा तक्ता दुसऱ्या दिवशी संस्थेकडे गेला.

महिन्याभराने पत्र आलं. भार बरोबर आहेत, पण अक्षांश चुकले आहेत. सर्वांत वरची रेषा ८७.८६ अंशांवर हवी, ती ८७.८३ वर आहे. मी कागद काढला आणि एका नजरेत सगळं समजलं. अंदाजाच्या ओळीत पाय थोडा चुकला तरी सुधारण्याच्या फेऱ्या तो सांभाळून घेतात, म्हणून जागा आणि भार बरोबर आले होते. पण शेवटी अंश करताना पुन्हा तोच बावीस सप्तमांश, आणि तिथे सांभाळायला कुणी नव्हतं. ती मुलगी अक्षरशः बरोबर होती.

संस्थेचा नियम असा की प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली की माथ्यावर कारण आणि नाव लिहायचं. मी इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ असा: "पायच्या किमतीत टंकलेखनाची चूक." पुढे टंकलेखिका म्हणून तिचं पूर्ण नाव. खालच्या ओळीत "दुरुस्ती" आणि माझं नाव. मग चौकटींचा तो कागद मी फाडला. चार तुकडे केले, मग त्यांचे आणखी चार.

गोष्ट तिथे थांबली असती तर कदाचित मी स्वतःला माफही केलं असतं. पण दुरुस्ती पोचल्याच्या संस्थेच्या पत्रात माझी ती नोंद होती, आणि त्या पत्राची प्रत प्राचार्यांकडे गेली. त्यांनी मला बोलावून विचारलं, "त्या बाईंच्या हातून चुका होतात म्हणे?" मी म्हणालो, "लक्ष थोडं कमी पडतं." त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या आळीतल्या एखाद्या मुलाबद्दल मी हेच बोललो असतो तर त्यांनी "नक्की का?" असं नक्की विचारलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी त्याचा फायदा घेतला. पुढची नेमणूक निघाली त्या यादीत तिचं नाव नव्हतं. ती शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर खोलीची किल्ली ठेवून गेली आणि "येते सर" म्हणाली.

त्यानंतर मी मोठा झालो, निवृत्त झालो, माझे सत्कारही झाले. त्या प्रोग्रामचं काय झालं याची मी चौकशी केली नाही.

गेल्या वर्षी संस्थेतल्या एका तरुण शास्त्रज्ञाचा ईमेल आला. जुने प्रोग्राम नव्या संगणक-भाषेत नेण्याचं काम त्याच्याकडे होतं. माझा प्रोग्राम अजून चालू होता. नुसता चालू नव्हता, तर कुणालाही मोफत उतरवून घेता येत होता, आणि परदेशातही वापरला जात होता. माथ्यावरच्या नोंदी नव्या प्रोग्रामबरोबर पुढे जाणार होत्या. "तुमच्या नोंदीत दोन नावं आहेत," त्याने लिहिलं होतं, "मजकूर बरोबर आहे का, कृपया कळवा."

मी "होय, बरोबर आहे" असं टाइप केलं. मग चष्मा काढून बसून राहिलो. पस्तीस वर्षं ते नाव तिथे होतं. जगात कुठेही कुणी ती फाइल उघडली की पहिली दिसणार ती तिची चूक, जी तिने कधी केलीच नव्हती. आणि आता माझ्या तीन शब्दांनी ती पुढच्या पस्तीस वर्षांसाठी पक्की होणार होती. मी ते शब्द पुसले आणि फोन लावला.

सगळं ऐकून तो मुलगा म्हणाला, "सर, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण नाव त्या बाईंचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. त्या काय म्हणतात ते कळवा."

म्हणजे मला जावं लागणार होतं. पत्राने भागणार नव्हतं.

कॉलेजच्या जुन्या ग्रंथपालांकडून कळलं की ती कळवणला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून नुकतीच निवृत्त झाली. मी सकाळची कळवणची बस धरली. दिंडोरी गेलं, वणी गेलं, आणि मी पिशवीतला प्रोग्रामचा छापील कागद आणि माझ्या कबुलीचा मसुदा पुन्हा पुन्हा चाचपत होतो. कळवणला उतरून एका किराणा दुकानात घर विचारलं.

"गणिताच्या म्याडम व्हय? त्या पाण्याच्या टाकीमागं," दुकानदार म्हणाला. "जपून जा बाबा. दारात उभं करून पाढे विचारत्यात."

दार तिच्या यजमानांनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर ते माझ्याकडे टक लावून पाहू लागले आणि मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "तुम्हीच का ते ध्रुववाले? अहो, ऐकलं का! ध्रुववाले सर आलेत!" मला म्हणाले, "आमच्या घरात कुणी लंगडी सबब सांगितली ना, की सगळे एका सुरात म्हणतात, तिथे कोण राहतं!"

ती बाहेर आली. केस पांढरे झालेले, पण कागद हातात धरून उभी राहायची तीच ढब, फक्त बोटांना आता कणीक लागलेली.

"बसा सर. पाणी घ्या. इतक्या लांब कसे आलात?"

"तुमच्याकडे एक काम होतं."

"अहो-जाहो कधीपासून? तेव्हा तर 'अगं' होते."

मी पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं. नोंद, फाडलेला कागद, प्राचार्यांची खोली. यजमानांच्या हातातला कप खाली आला.

"मला सांगितलं होतं की जागाच रद्द झाली," ती म्हणाली. "मी तेच खरं धरून चालले." मग उठून हात धुतले, चष्मा आणि पेन्सिल घेऊन आली. "कागद दाखवा."

माथ्यावरची नोंद तिने दोनदा वाचली. "हे माझं माहेरचं नाव. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या नावाने हाक मारली, आणि तीही चुकीसाठी."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मला माफ..."

"थांबा जरा. वाचते आहे."

पेन्सिल ओळीओळीवरून खाली सरकत होती. वर्गात पेपर तपासताना जशी सरकत असेल तशीच. एका जागी ती थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"सर, हे काय?"

"काय?"

"इथे बघा. अंश करायच्या ओळीत तुम्ही पाय बदललात, जुनी किंमत शेजारी टीप म्हणून आहे. पण वर अंदाजाच्या ओळीत बदलला नाहीत. बावीस सप्तमांश तसाच आहे."

मी वाकून पाहिलं. खरंच होता. पत्रात जेवढं पकडलं गेलं तेवढंच मी घाईघाईने दुरुस्त केलं होतं. जिथे बोंब झाली नव्हती तिथे माझं लक्षही गेलं नव्हतं.

तिचे डोळे चमकायला लागले होते. "बोट घसरलं तर एकदा घसरतं सर. शंभर ओळींच्या अंतरावर तेच बावीस, तेच सात, पुढे तेच दशांशचिन्ह? ही बोटाची चूक नाही. ही शाळेतली सवय आहे. ज्याने लिहिलं त्याची."

"सापडले!" यजमानांनी मांडीवर थाप मारली. "तुम्ही कागद फाडलात, पण प्रोग्रामनेच साक्ष दिली."

आणि मी हसलो. आरोपी पकडला जाताना हसत नाही, पण मला हसू आवरेना. पस्तीस वर्षं माझ्या विरुद्धचा पुरावा जगभर फिरत होता, रोज चालत होता, आणि तो ओळखायला तीच लागली. मी लगेच त्या तरुण शास्त्रज्ञाला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिने दोन्ही ओळींचे क्रमांक सांगितले. पलीकडून कळफलकाचा आवाज आला, मग तो म्हणाला, "मॅडम, ही वरची ओळ आम्हाला कोडंच होती. ती आता बदलू ना?"

"राहू द्या. तिथे काही बिघडत नाही. आणि पुरावा आहे तो. बरं, तुम्ही नव्या प्रोग्रामची तपासणी करता तेव्हा त्याला एक घालून बघता का?"

"नाही मॅडम."

"घालत जा. नव्वदच आले पाहिजेत."

"घालतो मॅडम," तो म्हणाला. आवाजावरून तो खुर्चीत ताठ बसला असावा.

मग मी माझा मसुदा वाचून दाखवला. त्यात "अत्यंत खेदाने", "माझ्या सदसद्विवेकाला स्मरून" असं बरंच होतं. ती बोटांवर काहीतरी मोजत ऐकत होती.

"सर, यात 'मी' नऊ वेळा आहे. माझं नाव दोनदा."

"मग काय लिहू?"

"मी सांगते, घ्या लिहून." तिने सांगितलेली नोंद चार ओळींची होती. पायची चुकीची किंमत मूळ हस्तलिखितात होती. ती कुणाची ते नाव. ती टंकलेखनाची चूक नव्हती. चूक तक्ता पाठवण्याआधी शोधली. कुणी ते नाव. शोधण्याची रीत: एक घातल्यावर नव्वद यावेत. बस. तिचं पद लिहू का, असं मी विचारलं. "पद कशाला? नाव लिहा. माहेरचंच. वडिलांनी शाळेत घालताना दिलेलं ते नाव आहे, त्याच्यावर डाग आहे, त्यालाच धुवा."

ते नाव मी इथे लिहीत नाही, तेही तिच्याच सांगण्यावरून. मी सगळं लिहून काढणार आहे असं म्हटल्यावर ती म्हणाली होती, "लिहा, पण नावं घालू नका. लोक वाचून हळहळतात. मला हळहळ नको, नोंद हवी. आणि ती जिथे हवी तिथे आहे."

निघताना मी पुन्हा माफीचं काढलं. ती चपला घालून बसस्थानकापर्यंत सोडायला आली होती. "सर, मला नाशिकला कायमची जागा मिळाली असती का, कोण जाणे. इथे तीस वर्षं पोरं शिकवली, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही त्या दिवशी कागद फाडलात ते वाईटच केलंत. ते वाईटच राहू दे. त्याला माफीबिफी लावू नका." बस हलली तेव्हा तिने हात केला.

आठवड्याभरात शास्त्रज्ञाचं उत्तर आलं. नवी नोंद लागली होती. जुनी पुसली नव्हती. तिच्याखालीच ही, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसाव्यात. नव्या भाषेतल्या प्रोग्रामबरोबर पहिली चाचणी तिच्या नावाने होती, आणि कुणीही प्रोग्रामला हात लावला की ती आपोआप चालणार होती. मी पडद्यावर खाली सरकत गेलो आणि "मूळ हस्तलिखित" या शब्दांपुढे माझं नाव पाहिलं. माझे जेवढे सत्कार झाले त्यातल्या एकाही शालीने मला इतकी ऊब दिली नव्हती. मी बायकोला हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं, सगळ्यांना ती ओळ दाखवली. शेजारी म्हणाले, "अभिनंदन! पण हे नक्की कशाबद्दल?"

मला वाटलं, संपलं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"सर, घोटाळा आहे."

"काय झालं?"

"मुलीच्या लॅपटॉपवर तो जुना प्रोग्राम चालवून घेतला. तुम्ही चौसष्ट रेषांसाठी लिहिला होतात. मी पाच हजार घातल्या. बेरीज दोन येत नाही."

मी कागद-पेन घेऊन बसलो. तीच सांगत गेली. रेषा थोड्या असतात तेव्हा दोन रेषांत भरपूर जागा असते, अंदाज जरा चुकला तरी सुधारणा त्याला योग्य रेषेवर आणते. पण पाच हजार रेषा म्हणजे दाटीवाटी. तिथे बावीस सप्तमांशाचा अंदाज थेट शेजारच्या रेषेवर जाऊन पडतो. मग एक रेषा हरवते आणि दुसरी दोनदा मोजली जाते. मी आकडा मांडून पाहिला. खरं होतं. पस्तीस वर्षं निरुपद्रवी समजलेली ती ओळ निरुपद्रवी नव्हतीच. तिला फक्त गर्दी भेटली नव्हती.

"उत्तम!" मी म्हणालो. "मी आत्ता त्या मुलाला कळवतो. हीसुद्धा माझीच चूक, तसं लिहितो."

"थांबा सर. ओळ तुमची. पण 'राहू द्या, काही बिघडत नाही' असं म्हणाले कोण?"

"अगं, ते तर..."

"मी म्हणाले. चौसष्टवर विसंबून पाच हजारांची हमी दिली. तेही नोंदवायचं. या वेळी मजकूर मी सांगते, टाइप तुम्ही करा."

तिने सांगितलं आणि मी दोन बोटांनी टाइप करत गेलो. ओळ सदोष, लिहिणाऱ्याचं नाव. ती ठेवण्याचा सल्ला चुकीचा, सल्ला देणारीचं नाव. दोष शोधला, पुन्हा तेच नाव. एका चुकीपुढे स्वतःचं नाव घालताना तिला तेवढाच वेळ लागला जेवढा शोधापुढे घालताना, म्हणजे श्वास घेण्याइतका. मला त्याच कामाला पस्तीस वर्षं लागली होती.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी वाचलं. तिने टायपिंगच्या दोन चुका काढल्या. त्या मी मान्य केल्या, दुरुस्त केल्या आणि पत्र पाठवून दिलं.